होय असल्यास तपशील द्या

मे महिन्यात दुपारी दोन ते पाच जळगावात कोणी कोणाला फोन करत नाही. पारा पंचेचाळीसच्या पुढे, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, कूलरच्या टाकीत नुकत्याच दोन बादल्या ओतलेल्या, वाळ्याचा ओलसर वास खोलीभर पसरलेला. अशात डोळा लागतो न लागतो तोच अनोळखी नंबरावरून फोन. पलीकडे पुण्याची एक मुलगी. आवाज अतिशय आर्जवी आणि अतिशय घाईचा. माणसांची पडताळणी करून देणाऱ्या कुठल्याशा एजन्सीत ती कामाला होती. आमच्या बँकेतून पूर्वी सोडून गेलेल्या एका पोराने नव्या नोकरीच्या अर्जात संदर्भासाठी माझं नाव दिलं होतं. किती वर्षं होता, हुद्दा काय, वागणूक कशी, संधी आली तर पुन्हा घ्याल का, हे तिने भराभर विचारलं आणि मीही भराभर सांगून टाकलं. मग म्हणाली, "सर, इंटिग्रिटीचा काही इश्यू? म्हणजे सिस्टिमचा, डेटाचा, लॉगिनचा काही मिसयूज?" मी म्हटलं, "सांगतो, पण जरा सविस्तर सांगावं लागेल." तर म्हणे, "सर, मला फक्त हो किंवा नाही टाकायचंय. हो असेल तर खाली एक ओळ लिहिता येते."

एक ओळ!

मी तिला दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करायला सांगितलं. झोप तर गेलीच होती. जागा कसली आहे ते तिने ओघात सांगितलं होतं: एका मोठ्या वित्तसंस्थेचा डेटाबेस सांभाळायचा. म्हणजे खुर्चीत बसलं की लाखो माणसांची खाती, कर्जं, चुकलेले हप्ते, पत्ते, सगळं समोर उघडं. अशा जागेसाठी पडताळणी कडक असणारच, आणि असायलाच हवी. ज्या जिल्ह्यात पतसंस्थांमध्ये अडकलेल्या ठेवींच्या पावत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून म्हातारी माणसं वर्षानुवर्षं कचेऱ्यांच्या पायऱ्या चढत-उतरत होती, तिथल्या माणसाला हे कोणी समजावून सांगायला नको. माझी अडचण होती ती त्या एका ओळीची. कारण पोराच्या सेवापुस्तकात अशी एक ओळ आधीच आहे: "दुसऱ्या अधिकाऱ्याच्या युजर आयडीचा अनधिकृत वापर." ती लिहिली गेली त्या प्रकरणात चौकशी अधिकारी मीच होतो.

तो आमच्याकडे लागला तेव्हा तेवीस-चोवीसचा असेल. अमळनेर तालुक्यातला. घरी थोडी कोरडवाहू, वडील जिनिंगमध्ये हमालीला, आणि पोरगा उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातून संगणकाची पदवी घेऊन आलेला. (विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव मिळालं ते २०१८ साली, याच्या पदवीवर ते नाही, याची त्याला अजून खंत आहे.) शाखा कापूसपट्ट्यातल्या तालुक्याच्या गावी. अधिकारी सगळे पन्नाशीपुढचे, लेजरवर वाढलेले. लांबलचक बेरीज पेनाचं टोक फिरवत खालून वर आणि पुन्हा वरून खाली करणारे, पण पडद्यावर इंग्रजीत लाल अक्षरं उमटली की घाम फुटणारे. त्यामुळे पोरगा नेमणुकीने क्लार्क आणि कामाने सगळंच. पासबुकाचा प्रिंटर अडला, याला हाक. लाइन गेली, याला हाक. कुणाचं कार्ड एटीएममध्ये अडकलं, याला हाक. संध्याकाळी डे-एंड, म्हणजे दिवसाचा हिशेब बंद, होईना म्हणून मुख्य कार्यालयाशी फोनवर झटापट करणारा हाच, आणि सकाळी झाडूवालीच्या मागोमाग येऊन यूपीएस चालू करणारा हाच.

आता बँकेत एन्ट्री एकाने करायची आणि पास दुसऱ्याने करायची, हा नियम काही संगणकाने आणलेला नाही. व्हाउचरवर दोन सह्या आमच्या आजोबांच्या काळापासून आहेत. पण कापसाचे पैसे जमा व्हायला लागले की काउंटरसमोर तोबा गर्दी. क्लार्क ओरडतोय "साहेब, पास करा", आणि साहेब केबिनमध्ये संचालकांच्या पाहुण्यांना चहा पाजत बसलेले. दहादा उठून यायचा कंटाळा येतो. मग कधीतरी साहेब म्हणतात, "तूच कर रे बाबा, माझं टाकून." झालं. त्या शाखेत पासिंग अधिकाऱ्याचा पासवर्ड त्यांच्या टेबलाच्या काचेखाली होता. मी तो स्वतः पाहिला. सप्तशृंगीच्या फोटोशेजारी, एका जुन्या लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या भागावर, निळ्या शाईत. देवीचंच नाव, पुढे एक आकडा. दर महिन्याला पासवर्ड बदलायची सक्ती, म्हणून आधीचा आकडा खोडून पुढचा लिहिलेला; खोडलेल्या आकड्यांची खाली एक शेपटीच तयार झाली होती. शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना तो पाठ.

आणि त्याच शाखेत तिजोरीच्या किल्ल्यांचं काय? एक किल्ली कॅशियरकडे, एक अधिकाऱ्याकडे. दोघं मिळून आल्याशिवाय दार उघडायचं नाही. अधिकारी अर्ध्या दिवसाच्या रजेवर जरी गेला तरी किल्ली रजिस्टरात तारीख, वेळ, देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही. डुप्लिकेट संच सीलबंद करून दुसऱ्या बँकेत ठेवलेला. त्या रजिस्टराची पानं मी उलटून पाहिली. कित्येक वर्षांत एक नोंद चुकलेली नव्हती, एक सही राहिलेली नव्हती. तीच माणसं, तोच हॉल, मध्ये फार तर पंधरा पावलांचं अंतर. लोखंडाची किल्ली हातात जड लागते, कमरेला टोचते, जेवताना काढून ठेवावी लागते. तिची आठवण शरीराला राहते. काचेखालच्या चिठ्ठीला वजनच नव्हतं.

२०१८ साली वारं फिरलं. फेब्रुवारीत पंजाब नॅशनल बँकेच्या घोटाळ्याचं प्रकरण, ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सायबर हल्ल्यात गेलेले ९४ कोटी, आणि ऑक्टोबरात रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी काढलेलं सायबर सुरक्षेचं परिपत्रक. आमच्याकडे एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. जळगावच्या एका हॉटेलात, दुपारी शेवभाजी आणि पुरी. ज्यांनी पासवर्ड सांभाळायचे ते अधिकारी तिथे होते. ज्याच्या हातून ते रोज वापरले जात होते तो पोरगा शाखेत काउंटर सांभाळत होता, कारण शाखा बंद ठेवता येत नव्हती.

पुढचं वर्ष. आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे दिवस. निम्मी शाखा रजेवर, उरलेली अर्ध्या मनाने कामावर. पासिंग अधिकारी पुतण्याच्या लग्नाला नाशिकला गेलेले. त्यांचा रजेचा अर्ज रीतसर होता, फक्त त्यांचा आयडी रजेवर नव्हता. पोराची मावशी आखाजीला माहेरी आलेली, तिच्या मुलीचं जमत आलेलं. स्थळ पारोळ्याकडचं. बागायत, ट्रॅक्टर, मुलगा एकुलता. मावशी म्हणाली, तू बँकेत शेस, त्यांचं खातं तुमच्याकडेच शे म्हणे, जरा देख ना. खानदेशात याचं कोणाला नवल वाटणार नाही. मुलगी द्यायची तर गोठ्यातली जनावरं मोजतात, विहिरीत डोकावून पाणी कुठवर आहे ते बघतात, हंगामात केळीचे घड कसे पडलेत त्याचा अंदाज घेतात. सातबारा तर आता घरबसल्या मोबाइलवर दिसतो आणि 'इतर हक्कां'त कोणत्या बँकेचा बोजा आहे तेही कळतं. पोराला वाटलं असावं, हे त्यातलंच. त्या दिवशी तो सकाळपासून साहेबांच्याच आयडीने बसलेला होता. त्याने खातं उघडलं. बोजा सातबाऱ्यावर कोणालाही दिसला असता. पण थकबाकी किती, हप्ते किती चुकलेत, हे त्या पडद्याखेरीज कुठेच नव्हतं. संध्याकाळी त्याने ते मावशीला सांगितलं.

मावशीने ते पोटात ठेवलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. बैठकीत, चार माणसांदेखत, तिच्या यजमानांनी थकबाकीचा आकडा जसाच्या तसा बोलून दाखवला. सोयरीक तिथेच मोडली.

तो खातेदार शाखेत आला तेव्हा आरडाओरडा झाला असेल असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. त्याने शांतपणे लेखी अर्ज दिला: माझं खातं अमुक तारखेला कोणी पाहिलं ते कळावं. चौकशीच्या निमित्ताने मी त्याच्या घरी गेलो. ओसरीवर खाट टाकली, पाण्याचा तांब्या आला, चहा आला. पाहुणचारात काही कमी नाही. बोलताना मात्र तो माझ्याकडे न बघता समोरच्या ठिबकच्या नळ्यांच्या भेंडोळ्याकडे बघत होता. म्हणाला, "साहेब, पैसा चोरा असता ना, तर बँकनी भरी दिधा असता. आते हाई काय भरी देशात?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पैसे गेले तर विमा आहे, कोर्ट आहे, चार वर्षांनी का होईना व्याजासकट परत मिळण्याची आशा आहे. गावात गेलेल्या आकड्याला परतीचा रस्ता नाही. त्याच्या मुलाचं लग्न पुढे झालं, चांगलं झालं. पण ज्या चार माणसांनी तो आकडा ऐकला ती माणसं अजून गावात आहेत.

बँकेच्या परीक्षांना बसलेल्यांना टूर्नियर खटला आठवत असेल. इंग्लंडमधला, १९२४ चा. एका शाखेच्या मॅनेजरने खातेदाराच्या मालकाला फोन केला, निमित्त खातेदाराचा पत्ता हवा होता, आणि बोलता बोलता त्याच्या खात्यावर बँकेचं देणं थकलंय, तो पैजा लावणाऱ्यांच्या नादी लागलेला दिसतो, असं बोलून गेला. त्या माणसाची नोकरी गेली. बँकेने खातेदाराची माहिती गुप्त ठेवली पाहिजे, हे तत्त्व आपण ज्या निकालापासून शिकतो तो निकाल असा एका फोनवरच्या गप्पांतून आलेला आहे. ना संगणक, ना पासवर्ड. परीक्षेसाठी पाठ करताना मला तो कोरडा वाटला होता. त्या ओसरीवर बसल्यावर वाटला नाही.

मुख्य कार्यालयाने लॉग, म्हणजे कोणत्या आयडीने कधी काय पाहिलं त्याची नोंद, काढला तर आयडी पासिंग अधिकाऱ्याचा, आणि ते त्या दिवशी नाशिकच्या मांडवात. निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. माझ्यासमोर आले तेव्हा हातातला रुमाल सारखा या मुठीतून त्या मुठीत करत होते. मी त्यांना पहिला प्रश्न विचारणार तेवढ्यात दाराशी पोरगा. बोलावलं नव्हतं. उभ्या उभ्याच म्हणाला, "साहेब, ते मीच देखं. त्यास्ले काही माहीत नही." मी त्याला बस म्हटलं, तो बसला नाही. का पाहिलं, कोणाला सांगितलं, सगळं सांगितलं. मावशीचं नाव मात्र लिहू नका म्हणाला. ते मी लिहिलं नाही, 'नातेवाईक' लिहिलं.

माझ्या अहवालात दोन गोष्टी होत्या. एक, रजेवरच्या अधिकाऱ्याचा आयडी वापरला. दोन, कामाशी संबंध नसताना खातेदाराची माहिती पाहिली आणि बाहेर सांगितली. मग ते कागद कायदा सल्लागारांकडे गेले. त्यांनी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-सी कलम काढलं: दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीने वापरला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. पण साहेबांनी स्वतः दिलेला, अख्ख्या शाखेला पाठ असलेला पासवर्ड कामासाठी वापरला, यात अप्रामाणिकपणा सिद्ध करणार कसा? ते सोडून दिलं. दुसऱ्या गोष्टीवर मात्र सल्लागार एकदम सावध झाले. खातेदाराच्या गोपनीयतेचा भंग झाला असं बँकेने आपल्याच आदेशात लिहिलं, तर उद्या तो आदेश घेऊन खातेदार कुठेही जाऊ शकतो. म्हणून अंतिम आदेशात पहिली गोष्ट राहिली आणि दुसरी गळाली. पोराची एक वेतनवाढ थांबली. अधिकाऱ्यांना समज मिळाली. काचेखालची चिठ्ठी निघाली. खातेदाराला "योग्य ती कारवाई करण्यात आली आहे" असं दोन ओळींचं पत्र गेलं.

म्हणजे आज कागदावर काय आहे? जी गोष्ट शाखेतले सगळे करत होते, वरिष्ठांनी सांगितली म्हणून तो करत होता, जिच्यामुळे कापसाच्या हंगामात काउंटर चालू राहत होतं, ती एकट्या त्याच्या नावावर गुन्हा म्हणून पडली. आणि जी फक्त त्याची होती, जिने एका माणसाला चारचौघांत उघडं पाडलं, तिचा कागदावर मागमूस नाही. पुण्याच्या मुलीने ती ओळ जशीच्या तशी पुढे पाठवली तर वाचणाऱ्याला वाटेल, हा पोरगा दुसऱ्याच्या नावाने आत शिरणारा, लबाड. तसा तो नाही. आणि जे त्या जागेसाठी खरोखर विचारात घ्यायला हवं, की समोर उघडी पडलेली माहिती घरच्या माणसाने मागितली तर हा काय करतो, ते वाचणाऱ्याला कळणारच नाही. रेकॉर्ड खोटं नाही. पण त्यातून उमटणारा माणूस निराळाच आहे.

आमच्याकडे भरवशाची जागा म्हणजे काय, ते भुसावळ-वरणगावच्या घरांना विचारावं. ऑर्डनन्स फॅक्टरीत लागणं म्हणजे निकाल लागून नेमणूक हातात पडेपर्यंत जिवाला घोर. २०२१ मध्ये त्या कारखान्यांच्या कंपन्या झाल्या, पण बोलताना अजून फॅक्टरीच. तो पूर्वेतिहास भरून द्यायचा ॲटेस्टेशन फॉर्म, आणि त्याच्या डोक्यावरची ताकीद: खोटी माहिती दिली किंवा खरी दडवली, तर तीच अपात्रता. माझ्या थोरल्या भावाच्या वेळी पडताळणीला हवालदार सायकलवरून आला होता. घरी आला नाही, आधी शेजारी गेला. शेजाऱ्याशी आमचं बांधावरून भांडण, दोन वर्षं बोलणं बंद. आई दाराआड उभी राहून देवाचं नाव घेत होती. शेजारी हवालदाराला म्हणाला, "भांडण बांधाचं आहे, पोराचं त्यात काय? पोरगा चांगला आहे." मग हवालदाराने त्याच्याकडेच चहा घेतला, अर्धा तास बसला, आमच्या तीन पिढ्यांची माहिती काढली, आणि पोलीस पाटलाकडे गेला. त्या पद्धतीत खोट होतीच. शेजारी दुष्ट निघाला असता तर भावाचं आयुष्य गेलं असतं. जात, पुढारी, पाकीट, सगळं त्यात शिरू शकत होतं. तरी विचारणारा माणूस अर्धा तास बसत होता एवढं खरं.

माहिती दडवण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा अवतार सिंग खटला आहे. आमच्या गल्लीतली भरतीची पोरं सकाळी मैदानावर धावताना त्याची चर्चा करतात, इतका तो मुरला आहे. तो आहे फौजदारी प्रकरणांच्या माहितीबद्दल, पण त्यातलं तारतम्य मला आवडतं. विचारलं असेल तर खरंच सांगायचं. मात्र न सांगितलेली गोष्ट अगदी किरकोळ असेल, ऐन तरुणपणी घोषणा दिल्यासारखी, तर ती न सांगणं नोकरी देणारा माफ करू शकतो. उलट, खरं सांगितलं म्हणजे नोकरी द्यावीच लागेल असंही नाही; पूर्वेतिहास पाहायचा हक्क नोकरी देणाऱ्याला राहतोच. आणि जे नेमकेपणाने विचारलेलंच नाही, ते सांगितलं नाही म्हणून कोणाला दोषी धरता येत नाही.

हा शेवटचा मुद्दा माझ्या डोक्यात घोळत होता. पोराच्या अर्जात "शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का? होय असल्यास तपशील द्या" असं असणार. कारवाई झाली ती एकाच गोष्टीवर.

संध्याकाळी अमेरिकेत व्हर्जिनियातल्या भाच्याला फोन लावला. तो तिथला नागरिक झालाय आणि सरकारी कंत्राटं घेणाऱ्या कंपनीत आहे, त्यामुळे त्याची असली तपासणी झालेली. तिकडे सकाळ होती, तो गाडी चालवत होता, पण विषय ऐकल्यावर बाजूला थांबून बोलला. त्यांचा एसएफ-८६ नावाचा फॉर्म म्हणे शंभरावर पानांचा. त्यात संगणकाचा स्वतंत्र भाग आहे: गेल्या सात वर्षांत परवानगी नसताना कुठल्या यंत्रणेत शिरलात का, काही बदललंत का. आमच्याकडे अर्जावर "कधीही" असतं, तिकडे सात वर्षं. मग माणूस गुप्त माहिती सोपवण्याजोगा आहे की नाही हे ठरवायच्या तेरा कसोट्या, २०१७ पासून लागू असलेल्या. शेवटची, तेरावी, संगणकाच्या वापराची. तिच्यात काय काय वाईट धरायचं त्याची यादी आहे, आणि लगेच खाली कशामुळे ते सौम्य धरायचं तेही आहे. बराच काळ लोटला असेल तर. चूक किरकोळ असेल आणि केवळ काम नीट, लवकर व्हावं म्हणून केलेली असेल तर. अनवधानाने झालं आणि लगेच सुधारायचा प्रयत्न करून वरिष्ठांना सांगितलं असेल तर. प्रशिक्षण नीट दिलेलं नसेल, सूचना स्पष्ट नसतील तर. भाचा वाचून दाखवत होता आणि माझ्या डोळ्यांपुढे काचेखालची चिठ्ठी. मला वाटलं, हे आमच्या शाखेत बसून लिहिलंय की काय.

पण फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की त्या सवलतींतल्या जवळजवळ सगळ्या पहिल्या गोष्टीला लागू पडतात. आयडी वापरला तो कामासाठी, सांगितलं म्हणून, प्रशिक्षण न मिळता. दुसऱ्या गोष्टीला काय? खातं पाहिलं ते कामासाठी नव्हे. चुकून नव्हे. रुजू होताना गोपनीयतेच्या कागदावर त्याने सही केली होती, म्हणजे माहीत नव्हतं असंही नाही. उरतं एवढंच की काळ लोटलाय, आणि कोणी विचारायच्या आधी तो स्वतः दारात येऊन उभा राहिला. तेही एका थरथरणाऱ्या म्हाताऱ्याला वाचवायला. मला तो पोरगा त्या दिवसापासून आवडतो, हे इथे सांगून टाकलेलं बरं; वाचणाऱ्याने माझं म्हणणं तेवढं वजा करून घ्यावं.

रात्री जेवणं झाल्यावर त्यालाच फोन केला. बँकेत असेपर्यंत मी त्याचा साहेब होतो, निवृत्तीनंतर आप्पा झालो. "अर्जात काय लिहिलंयस?" म्हटलं. "दोन्ही लिखेल शे आप्पा." मी म्हटलं, एकच लिहिलं असतंस तरी खोटं ठरत नव्हतं, विचारलं होतं ते कारवाईचं. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, फॉर्ममध्ये जागा नव्हती म्हणून वेगळा कागद जोडला, दोन्ही गोष्टी नीट लिहिल्या. का, म्हटलं. तर म्हणतो, "अमळनेर काही लांब नही. कोणीतरी सांगतंच." यात प्रामाणिकपणा किती आणि हिशेब किती, हे मला ठरवता आलं नाही. बहुधा त्यालाही आलं नसतं. त्या खातेदाराकडे कधी गेलास का, असं विचारायचं माझ्या मनात होतं. विचारलं नाही, कारण उत्तर दुसऱ्या दिवशी त्या मुलीला सांगावं लागलं असतं.

सकाळी दहाला तिचा फोन आला. मी कागदावर लिहूनच ठेवलं होतं, वाचून दाखवलं: "होय. अधिकाऱ्याचा आयडी वापरला, ती शाखेची पद्धत होती. नातेवाइकासाठी एका खातेदाराची माहिती पाहिली व सांगितली. विचारण्याआधी स्वतः कबूल केलं." ती म्हणाली, "सर, हे बसत नाहीये." मी म्हटलं, मग काय काढायचं? तिने मनातल्या मनात अक्षरं मोजली असावीत. "आयडीचं काढू का? तसं ते सगळीकडेच चालतं ना." मी म्हटलं, काढा. म्हणजे बँकेने कागदावर ठेवलेलं गेलं आणि बँकेने कागदावरून उडवलेलं राहिलं. मग तिने विचारलं, "सर, काल तुम्ही पुन्हा घ्याल का याला हो म्हणाला होतात, ते तसंच ठेवू?" तसंच ठेवा, म्हटलं.

त्याला नोकरी मिळाली. पावसाळ्यात रुजू झाला. वर्षभर खऱ्या डेटाला हात लावायचा नाही, अशी अट आहे. तोवर चाचणीच्या प्रतीवर काम, जिच्यात माणसांची नावं आणि खातेक्रमांक बदलून टाकलेले असतात. मला ही अट योग्य वाटली, त्याला अपमानाची वाटते. बरोबरची पोरं महिन्याभरात आत गेली म्हणतो. गणपतीत फोन आला तेव्हा वेगळाच वैतागलेला होता. रात्रीच्या पाळीत काहीतरी अडलं, टीम लीड घरी, आणि लीडने चॅटवर आपला स्वतःचा पासवर्ड पाठवून दिला: माझं टाकून करून घे. याने वापरला नाही. अडचणीची रीतसर नोंद (त्यांच्या भाषेत तिकीट) टाकली, वर कळवलं, काम दोन तास खोळंबलं. लीडला विचारणा झाली, तो तेव्हापासून याच्याशी कामापुरतंच बोलतो.

"आठे माले शिष्ट म्हणतस, आप्पा."

म्हणू दे, मी म्हटलं, पगार वेळेवर होतो ना? होतो, म्हणाला, आणि मग भुसावळच्या गाडीला दिवाळीचं आरक्षण मिळत नाही म्हणून बराच वेळ रेल्वेला शिव्या देत बसला.